तुम्ही विचारलंत म्हणून: ही भुताखेतांची चित्रं मी का बघते

"इतकी अघोरी चित्रं बघत बसता, मनाला त्रास होत नाही का?" माझ्याकडची चित्रांची पुस्तकं चाळून झाली की जवळजवळ प्रत्येकजण हे विचारतो.

होतो ना. काही चित्रं मी रात्री उघडत नाही. तरीही बघते, कारण लोककथांतली भुतं मला कधी नुसती करमणूक वाटली नाहीत. प्रत्येक भुताची जागा ठरलेली असते, वेळ ठरलेली असते, खूण ठरलेली असते. डोहातलं भूत डोंगरावर येत नाही. हडळ ओळखायची तर चेहरा बघून उपयोग नाही, पावलं बघायची. ज्यांनी या गोष्टी रचल्या त्यांना कुठल्या कोपऱ्यात घात आहे हे नीट ठाऊक होतं. ते ज्या चित्रकाराला उमगतं, त्याच्याच चित्रापुढे माझे पाय थबकतात.

नॉर्वेचा टेओडोर किटेल्सन यात माझा सगळ्यात लाडका. १३४९ मध्ये प्लेग नॉर्वेत पोचला आणि वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. लोककथेत त्या साथीची एक म्हातारी झाली, पेस्टा. ती दारोदार फिरते. हातात दाताळं असलं तर दात्यांच्या फटींतून काही माणसं निसटतात. खराटा असला तर घरात कुणीच उरत नाही. एका घरातली दोन लेकरं का वाचली आणि शेजारचं अख्खं घर का गेलं, याला तेव्हा कुणाकडेच उत्तर नव्हतं. दाताळं आणि खराटा, एवढ्या दोन अवजारांत त्या लोकांनी तो सगळा हिशेब मांडला. मला हे विलक्षण वाटतं. १८९६ मध्ये किटेल्सननं तिला जिन्यात काढलं. आपण वरच्या टोकाला, ती खाली, आणि मान वर करून थेट आपल्याकडे बघतेय. रक्त नाही, सुळे नाहीत. पण खाली उतरायची वाट तिनं अडवलीय आणि आपल्या पाठीमागे फक्त खोल्या आहेत.

त्याचंच १९०४ चं एक चित्र आहे, तळ्यातल्या न्योकचं. न्योक म्हणजे माणसाला पाण्यात ओढून नेणारा. काळं पाणी, त्यातून जेमतेम वर आलेलं डोकं, दोन फिकट डोळे, बस्स. बाकी तळं कुठल्याही तळ्यासारखं शांत. पोरांना काठापासून लांब ठेवायला याहून जास्त काही लागत नाही.

फ्युसेली या स्विस चित्रकाराचं 'दुःस्वप्न' (१७८१) तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेल: पलंगावरून डोकं खाली लोंबणारी बाई, तिच्या छातीवर उकिडवं बसलेलं ते ध्यान, पडद्यातून डोकावणारी पांढऱ्या डोळ्यांची घोडी. आज आपण याला स्लीप पॅरालिसिस म्हणतो. झोपेच्या एका अवस्थेत स्नायू सैल पडलेले असतात. ते पुन्हा हलते व्हायच्या आत जाग आली तर डोळे उघडे आणि हातपाय जखडलेले. छातीवर ओझं वाटतं, खोलीत कुणीतरी आहे याची खात्रीच पटते. मला हे झालेलं आहे. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या कोळ्यांत छातीवर म्हातारी येऊन बसते ती हीच. कारण कळल्यावर चित्र फिकं पडेल असं मला वाटलं होतं. उलट तो अनुभव किती नेमका टिपलाय हे तेव्हा कळलं.

आता स्पेनचा चित्रकार गोया. १८१९ मध्ये त्यानं माद्रिदजवळ घर घेतलं. तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला आणि पूर्ण बहिरा होता. पुढच्या काही वर्षांत घराच्या भिंतींवर त्यानं १४ चित्रं काढली. कुणी मागितली नव्हती, त्यानं त्यांना नावंही दिली नाहीत. त्यातल्या चेटकिणींच्या मेळ्यात सैतान बोकडाच्या रूपात आहे, पण बोकड म्हणजे नुसती काळी आकृती. चेहरा आहे तो समोर बसलेल्या गर्दीला: ताणलेले डोळे, उघडी तोंडं, ऐकण्याची हाव. बोकड काय सांगतोय ते आपल्याला कधीच कळत नाही; ऐकणाऱ्यांचं काय झालंय ते मात्र दिसतं. मी रात्री उघडत नाही ते हे चित्र.

म्हणूनच नुसते दात, शिंगं, आतडी यांचा भरणा केलेली चित्रं मला घाबरवत नाहीत. मग त्यांचं कसब कितीही असो. त्यातल्या राक्षसाला घर नसतं, काम नसतं. तो कुठेही उभा केला तरी चालतो.

याला एक अपवाद मी मान्य करते, पोलंडचा झ्जिस्वाफ बेक्शिन्स्की (१९२९–२००५). त्याच्या चित्रांमागे कुठलीच लोककथा नाही. हाडांसारख्या इमारती, धुळीतून चालणारे जीव, आणि शीर्षक एकाही चित्राला नाही. अर्थ सांगायलाही तो तयार नसे. तिथे मात्र दाताळं आहे की खराटा, ते बघायची सोय उरत नाही.

बघायचीच असतील तर किटेल्सनपासून सुरुवात करा, दिवसाउजेडी. मग फ्युसेली, मग गोया. बेक्शिन्स्की शेवटी, आणि एका बैठकीत फार नको.