खाऱ्या हवेतली गाडी ट्रॅकवर

रत्नागिरीजवळ माझा आमरस भरण्याचा छोटा कारखाना आहे. एप्रिलच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत तिथून हलता येत नाही. त्यामुळे गाडी ट्रॅकवर न्यायची ती जानेवारीत, आणि तयारी दिवाळीनंतर, असं ठरलं.

गाडी २०१६ची अबार्थ पुंतो, सेकंडहँड घेतलेली. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ हॉर्सपॉवर, पाच गिअर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. दोन सीटांची खरी स्पोर्ट्‌स कार ती नव्हे, पण घाटात ती काय करते हे मला माहीत होतं. ट्रॅकवर काय करते ते बघायचं होतं. ट्रॅक निवडला चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा, मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबचा. १९९०पासून चालू असलेला, ३.७ किलोमीटरचा. शर्यतीसाठी नव्हे, तर हौशी लोकांना आपली गाडी घेऊन फेऱ्या मारता येतात अशा एका दिवसासाठी. आणखी एक सोय म्हणजे कोल्हापूरवरून जाणारा आपला ४८ क्रमांकाचा महामार्गच पुढे बेळगाव, हुबळी, बंगळूर, वेल्लोर करत त्या ट्रॅकजवळून जातो. आंबा घाट चढून कोल्हापूर गाठलं की रस्ता बदलायचाच नाही.

सुरुवातीला मला वाटलं होतं की तयारी म्हणजे इंजिनाची. हवा जास्त खेचणारा फिल्टर, मोठा सायलेन्सर वगैरे. हे डोक्यातून काढलं ते मिरकरवाड्याच्या चाचांनी. त्यांचं निम्मं आयुष्य मच्छीमार बोटींच्या इंजिनांवर गेलंय, आता गॅरेजात गाड्याही बघतात. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी जॅक लावला आणि चारही चाकं काढून बाजूला ठेवली.

"धावायला गाडी तयार हाय रे बाबू. थांबायला तयार हाय का, ते बघ आधी."

नव्हती. मागच्या डाव्या कॅलिपरची, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीची, एक पिन गंजून जाम झाली होती, त्यामुळे आतला पॅड झिजलेला आणि बाहेरचा जवळजवळ नवा. बाहेरून बघून हे कधीच कळलं नसतं. गाडी समुद्रापासून दीड किलोमीटरवर उभी असते, आणि पावसाळ्यात तर डिस्कवर एका रात्रीत तांबूस थर चढतो. तो पहिल्या ब्रेकला निघून जातो म्हणून आपण निर्धास्त असतो. पिनांचा गंज तसा निघत नाही. चाचांनी ती पिन रात्रभर गंज सोडवणाऱ्या तेलात ठेवली, सकाळी हलक्या हाताने फिरवत काढली, घासून साफ केली. मी बोटीच्या ग्रीसचा डबा पुढे केला तर हात धरला. त्या ग्रीसने रबर फुगतं, कॅलिपरला सिलिकॉनचंच लागतं, म्हणून मला कोल्हापूरहून ट्यूब मागवायला लावली.

मग ब्रेक ऑइल. बाटलीतलं ऑइल कोऱ्या चहासारखं झालं होतं. ओलावा तपासायचं पेन त्यात बुडवलं तर लाल दिवा लागला. ही गोष्ट मला चटकन समजली, कारण उकळणं हा माझ्या धंद्याचाच विषय. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रतीचं कोरं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये अशी अट असते, पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी गेलं की तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणजे पाय पेडलवर, पेडल तळाला, आणि गाडी चाललेली चाललेलीच. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. दोन वर्षांनी ऑइल बदला असं सगळीकडे लिहिलेलं असतं, इथे मी ते आता दर वर्षी दिवाळीनंतर बदलतो आणि दुसऱ्यालाही तेच सांगतो.

उष्णता किती, याचा मी हिशोब मांडला. गाडी आणि मी मिळून १,३०० किलो धरलं. ताशी १५० वरून ७० वर एकदा यायचं, तर त्या एका ब्रेकमध्ये साधारण तीन लिटर पाणी तीस अंशांवरून उकळीला येईल इतकी उष्णता तयार होते. आणि हे एका फेरीत अनेकदा. माझ्याकडे तेवढं पाणी तापवायला बर्नर लागतो, काही मिनिटं जातात. ही गाडी ते काम चार-पाच सेकंदांत चार डिस्कवर करते. हा आकडा कागदावर आल्यावर मोठ्या सायलेन्सरची हौस आपोआप मिटली.

डॉट ५.१ प्रतीचं ऑइल आणलं, कोरं असताना २६० अंशांच्या वर टिकणारं. (डॉट ५ हे वेगळं, सिलिकॉनचं, ते यात घालायचं नाही.) चाचांचा मुलगा पेडलवर, चाचा चाकापाशी. सर्वांत लांबच्या, मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात. "दाब. धर. सोड." ब्रेकची हवा काढायला एरवी वीस मिनिटं पुरतात, आम्ही अख्खी दुपार घालवली, कारण कॅलिपरवरचा हवा सोडायचा एक निप्पलही गंजलेला. तो तुटला असता तर कॅलिपर बदलावा लागला असता, म्हणून घाई केली नाही.

पुढे जास्त तापमान सोसणारे पॅड बसवले. नवे पॅड थेट ट्रॅकवर नेऊन चालत नाही, आधी ते डिस्कवर बसवावे लागतात. हातखंब्याच्या पुढे, पहाटे, मागेपुढे कुणी नाही बघून ताशी ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा दाबून ब्रेक लावला, एकदाही पूर्ण न थांबता, आणि मग ब्रेकला हात न लावता गाडी थंड होईपर्यंत चालवली. टायर बदलावेच लागले. बाजूवर २३१७ असा शिक्का होता, म्हणजे २०१७चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक, पण रबर उन्हाने कडक झालेलं. इंजिनाला फक्त नवं ऑइल, नवं कूलंट आणि रेडिएटरच्या पट्ट्यांमधली लाल माती धुणं, एवढंच.

दोन कागदी गोष्टी. गाडीच्या नेहमीच्या विम्यात शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर काही झालं तर खर्च आपला, हे घरी बसून स्वच्छ बोलून घ्यावं. मी बायकोबरोबर ते बोललो आणि किती नुकसान आपल्याला झेपेल तो आकडा ठरवूनच पैसे भरले. दुसरं, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. याच गाडीने घरी यायचं होतं, त्यामुळे झिजणाऱ्या वस्तूंपलीकडे काही बदललं नाही.

आतेभावाला बरोबर घेतलं. चित्रदुर्गला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचलो.

सकाळी तपासणी. हेल्मेट, अंगभर सुती कपडे, बूट. गाडीत सुटी वस्तू नको. पाण्याची बाटली, पायातल्या चटया, डिकीतली स्टेपनी, सगळं बाहेर. बॅटरी हलवून बघतात. बंद पडलेली गाडी ओढण्याचा हूक लावून दाखवायला सांगतात, आणि इथे मी चाचांचे मनातल्या मनात पाय धरले. बंपरमागची ती आट्याची जागा खाऱ्या गंजाने बुजली होती, ती त्यांनी घरीच टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून मोकळी केली होती. मग झेंड्यांची शिकवणी. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय. लाल म्हणजे सत्र थांबलं, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांबायच्या जागी, या.

पहिल्या सत्रात शेजारी प्रशिक्षक बसले होते. त्यांनी पहिल्याच फेरीनंतर विचारलं, "डोंगराळ भागातले का?" मी चकित झालो. कारण त्यांनी सांगितलं. मी प्रत्येक वळणाला डावीकडे चिकटून राहत होतो आणि माझा अंगठा हॉर्नकडे जात होता. वीस वर्षं आंबा घाट आणि कशेडी चालवल्यावर समोरून एसटी येणार नाही यावर शरीराचा विश्वासच बसत नाही. रस्त्याची सगळी रुंदी आपली आहे, बाहेरून आत यायचं आणि पुन्हा बाहेर सोडून द्यायचं, हे समजायला मिनिट लागलं आणि हाताला पटायला दोन सत्रं.

घाटाची दुसरी सवय जास्त महागात पडली. तिसऱ्या सत्रात, भर दुपारी, पाचव्या फेरीला पेडल दोन बोटं खाली गेलं. जळकट वासही आला. ऑइल नवं, पिना मोकळ्या, तरीही. पोटात गोळा आला. हात वर करून गाडी बाजूला ठेवली, सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि एक फेरी ब्रेकला जवळजवळ न शिवता हळू मारून पिटमध्ये आलो. आतेभाऊ धावत आला आणि ओरडला, "दादा, हँडब्रेक नको!" तापलेल्या डिस्कवर पॅड आवळून ठेवले तर तिथेच चिकटतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली, चाकाखाली लाकडाचा ठोकळा.

प्रशिक्षक आले, चाकांजवळ वाकून वास घेतला आणि म्हणाले, गाडीत दोष नाही. तुम्ही ब्रेक लवकर लावता, हलका लावता आणि वळणात शिरेपर्यंत पाय काढतच नाही. घाट उतरताना आम्ही सगळे असंच करतो. त्यात डिस्कला थंड व्हायला उसंत मिळत नाही. त्यांनी सांगितलेला मार्ग मला भीतीदायक वाटला. उशिरा, सरळ रेषेत, पायात असेल नसेल तो सगळा जोर आधी लावायचा, आणि वळण जवळ येईल तसा तो सोडत जायचा. आधी पूर्ण, मग कमी कमी. माझ्या पायाला नेमकं उलट माहीत होतं.

टायरमधली हवाही पाहिली. सकाळी ३० पीएसआय भरलेली, आता ३७. गरम असतानाच ३४वर आणली.

चौथं सत्र सुरू झालं तेव्हा ऊन उतरलं होतं. सरळ पट्ट्याच्या शेवटी मी मनात धरलेल्या खुणेपुढे गेलो, छाती धडधडत होती, आणि सगळा जोर दिला. सीटबेल्ट छातीत रुतला, गाडीचं नाक खाली बसलं, एबीएसची थरथर तळव्याला लागली, आणि वळण यायच्या आत वेग उतरलेला होता. पाय सोडत आत वळलो तर पुढचं टोक एरवीसारखं बाहेर पळेना, मी बघत होतो तिकडे गेलं. सहा फेऱ्या झाल्या. पेडल जागच्या जागी. सत्र संपल्याचा चौकड्यांचा झेंडा दिसला तेव्हा मला तो नको होता.

टायरमध्ये हवा पुन्हा भरून दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. आंबा घाट उतरताना तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिनावर वेग धरून आलो, ब्रेक लागला तिथे लावला आणि सोडला.

घरी न जाता आधी मिरकरवाडा गाठला. चाचांनी काही न विचारता जॅक लावला, पुढचा पॅड काढून त्याची जाडी व्हर्नियरने मिलिमीटरमध्ये मोजली आणि गॅरेजच्या भिंतीवर, बोटींच्या हिशोबाशेजारी खडूने लिहिलं : गेला तेव्हा ११, आला तेव्हा ८. मग ब्रेक ऑइलच्या बाटलीचं झाकण उघडून उजेडात पाहिलं.

"हे उद्या काढू," म्हणाले. "सकाळी लवकर ये. पोरगा पेडलवर बसंल."