घरातला अँटेना: खिडकी सोडली, भिंत धरली

घरातच लावलेल्या अँटेनावर मनोऱ्यावरून हवेतून येणारे टीव्हीचे चॅनेल पकडायच्या माझ्या प्रयोगात सहा मक्सपैकी पाच आता रात्रंदिवस स्थिर आहेत. सहावा अजून नखरे करतो, त्याच्याकडे शेवटी येतो. छपरावर काही लावायचं नाही, भिंतीला बाहेर भोक पाडायचं नाही आणि इंटरनेटवरून येणारे चॅनेल हिशेबात धरायचे नाहीत, या तिन्ही अटी कायम आहेत. (नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: मक्स म्हणजे मनोऱ्यावरून एकाच फ्रिक्वेन्सीवर एकत्र बांधून सोडलेला चॅनेलांचा गठ्ठा. गठ्ठा पोचला तर त्यातले सगळे चॅनेल दिसतात, नाही पोचला तर एकही नाही.)

या वेळचा मोठा बदल म्हणजे अँटेना खिडकीतून काढला आणि मनोऱ्याच्या बाजूच्या विटांच्या भिंतीवर आतून लावला. ऐकायला उलटं वाटतं. पण त्याआधी थोडा हिशेब, कारण घरातल्या अँटेनाबद्दल बोलताना नेमका तोच कुणी मांडत नाही.

२००६ साली जिनिव्हात डिजिटल प्रक्षेपणाचा जो आराखडा ठरला, त्यात छपरावरचा अँटेना जमिनीपासून १० मीटर उंचीवर आणि घरातला दीड मीटरवर धरला आहे. नुसत्या या उंचीपोटी यूएचएफवर, म्हणजे टीव्हीच्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यात, १६ ते १८ डीबी जातात (डीबी म्हणजे डेसिबल, सिग्नल किती पट वाढला-घटला ते सांगणारं माप: दर १० डीबीला शक्ती दहापट बदलते). घरात शिरताना सरासरी ८ डीबी. छपरावरच्या यागीमुळे, म्हणजे आडव्या दांड्यांच्या नेहमीच्या अँटेनामुळे, मिळणारी दहाएक डीबीची वाढही गेली. म्हणजे जवळजवळ ३५ डीबीचा खड्डा, शक्तीच्या भाषेत तीन हजारांतला एक भाग. एवढं वाचून माणूस नाद सोडून देईल. पण त्याच आराखड्यात त्या ८ डीबीला ५.५ डीबीचं प्रमाण विचलन दिलेलं आहे. एका घरात हा तोटा ३ डीबी असेल तर दुसऱ्यात १४. एकाच घरातल्या दोन जागांत तर याहूनही मोठा फरक पडतो. आपला सगळा खेळ या विचलनातच आहे: सरासरी आपल्या हातात नाही, जागा आहे.

किती सिग्नल पुरतो तेही सांगून टाकतो. ८ मेगाहर्ट्‌झच्या मक्समध्ये नुसत्या उष्णतेमुळे येणारा गोंगाट उणे १०५ डीबीएमच्या (एका मिलिवॅटच्या तुलनेत डीबी) आसपास असतो. साध्या ट्यूनरचा (अँटेनाच्या सिग्नलमधून चॅनेल काढणाऱ्या भागाचा) स्वतःचा गोंगाट ५-६ डीबी धरा. त्याच्या वर २० डीबी सिग्नल मिळाला की डीव्हीबी-टी२ या डिजिटल प्रक्षेपण पद्धतीचे बहुतेक मक्स बिनतक्रार उलगडतात. म्हणजे उणे ८० डीबीएमच्या थोडं वर, किंवा मीटर डीबी मायक्रोव्होल्ट दाखवत असेल तर साधारण ३०. हे फार नाही. शहरापासून बऱ्यापैकी लांबच्या घरातही एखाद्या कोपऱ्यात एवढं मिळून जातं. तो कोपरा शोधायचा.

आता खिडकीचं. 'अँटेना खिडकीत ठेवा' हा सल्ला जुन्या साध्या काचेसाठी बरोबर होता. हल्लीच्या उष्णता अडवणाऱ्या दुहेरी काचेच्या आतल्या बाजूला धातूचा, बहुतेकदा चांदीचा, डोळ्याला न दिसणारा पातळ थर असतो. तो अवरक्त किरण परतवतो आणि त्याच न्यायानं यूएचएफ लहरीही परतवतो. २० ते ३० डीबी सहज खातो. तुमची काच कोणती हे ओळखायला काचेसमोर लायटर पेटवा आणि ज्योतीची प्रतिबिंबं बघा. चारांपैकी एकाचा रंग वेगळा दिसला की थर आहे. माझ्याकडे एक गुलाबीसर निघालं आणि खिडकीचा विषय तिथंच संपला. विटांची कोरडी भिंत त्या काचेपेक्षा कितीतरी कमी खाते. सळ्या घातलेल्या काँक्रीटची भिंत मात्र वाईट: ६०० मेगाहर्ट्‌झला अर्धी तरंगलांबी २५ सेंटिमीटर असते, सळ्यांची जाळी त्याहून दाट असते, त्यामुळे ती पडद्यासारखी अडवते. इन्शुलेशनला ॲल्युमिनियमची पन्नी लावलेली असेल तर ती भिंतही बाद. पोटमाळा असलेल्यांनी तो आधी तपासावा, पण तिथल्या पत्र्याकडे आणि पन्नीकडेही बघावं.

अँटेना मीच वाकवलेला आहे: जाड तांब्याच्या तारेचं एक वेटोळं, परीघ ५२ सेंटिमीटर, म्हणजे ५८० मेगाहर्ट्‌झची एक पूर्ण तरंगलांबी. व्यास साडेसोळा सेंटिमीटर. खालच्या बाजूला तार तोडून तिथं को-अ‍ॅक्स केबल जोडली की आडवं ध्रुवीकरण (लहर कोणत्या दिशेत हलते ते), तेच वेटोळं पाव फेरा फिरवून जोड बाजूला आणला की उभं. तुमचा मनोरा कोणत्या ध्रुवीकरणात सोडतो ते आधी बघून घ्या. तरी घरात शिरेपर्यंत लहरी इतक्या वेळा आपटलेल्या असतात की मधला एखादा तिरका कोनच सगळ्यात चांगला निघतो. माझा तसाच निघाला. जोडाच्या लगेच खाली केबलवर फेराइटचे दोन मणी चढवले आहेत. ते नसताना केबलला हात लावला की आकडा हलायचा, म्हणजे केबलचं बाहेरचं वेष्टनही अँटेनाचं काम करत होतं, आणि केबल टीव्हीच्या मागून जाते तेव्हा ते काम नकोसं असतं.

दुकानी अँटेना घेणाऱ्यांसाठी एवढंच: डब्यावर छापलेले किलोमीटर वाचूच नका. रेंज मनोऱ्याची ताकद, मधला भूभाग आणि तुमची भिंत ठरवते, डबा नाही. कोणत्या फ्रिक्वेन्सीसाठी बनवला आहे ते मात्र नीट वाचा. पुष्कळ देशांत ६९४ मेगाहर्ट्‌झच्या वरचा पट्टा मोबाइलला देऊन झाला आहे. ८६२ पर्यंतचे जुने अँटेना नेमके वरच्या टोकाला सर्वांत जोरात ऐकतात, म्हणजे जिथं आता टीव्ही नाही, फोन आहे.

आता मुख्य गोष्ट, जागा शोधणं. भिंतीवर पेन्सिलनं चौकटी आखल्या, बाजू चार बोटांची. प्रत्येक चौकटीत वेटोळं धरायचं, हात बाजूला घ्यायचा, सगळ्या मक्सचे आकडे लिहायचे. कंटाळवाणं काम, पण याला पर्याय नाही. खोलीत थेट लहर आणि परतलेली लहर एकमेकींत मिसळून जागच्या जागी उंचवटे आणि खड्डे तयार होतात. ६०० मेगाहर्ट्‌झला उंचवट्यापासून खड्डा फक्त साडेबारा सेंटिमीटरवर असतो. अर्धी वीत सरकवल्यावर एखादा मक्स १५ डीबीनं उठतो आणि शेजारचा तेवढाच बसतो, हे स्वतः बघितल्यावर 'पंधराशे रुपयांचा की पाच हजारांचा' असल्या चर्चेत रस उरत नाही.

एकच मक्स का जातो, याचं उत्तरही इथंच आहे. डिजिटल प्रक्षेपणात प्रत्येक चिन्हाआधी (सिंबॉल, म्हणजे एका वेळी पाठवलेला माहितीचा तुकडा) थोडा राखीव काळ सोडलेला असतो. तो २८ मायक्रोसेकंद असला तरी आठ किलोमीटर जास्त फिरून आलेला प्रतिध्वनी पचवतो. खोलीतला प्रतिध्वनी पाच-दहा मीटरांचा, म्हणजे फार तर तीसेक नॅनोसेकंद. उशीर म्हणून तो काहीच बिघडवत नाही. बिघडवतो ते वजाबाकीनं. दहा मीटरांच्या फरकानं आलेल्या दोन लहरी दर ३० मेगाहर्ट्‌झला एकदा एकमेकींना खोडतात, आणि तो खोडलेला भाग ८ मेगाहर्ट्‌झचा अख्खा मक्स गिळण्याएवढा रुंद असतो. शेजारचे मक्स ठणठणीत राहतात. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर आरटीएल२८३२यू चिप असलेलं जुनं डाँगल (संगणकाला यूएसबीनं लावायचा छोटा ट्यूनर) एसडीआर म्हणून, म्हणजे फ्रिक्वेन्सींचा आलेख संगणकावर दाखवणारा रेडिओ म्हणून, वापरा. एका वेळी जेमतेम २.४ मेगाहर्ट्‌झ दिसतात, तुकडे जोडत पुढं जावं लागतं. निरोगी मक्सचा माथा सपाट दिसतो, आजारी मक्सचा एका बाजूला कललेला किंवा मधे खचलेला.

आकडा कोणता बघायचा, यावर माझं मत आता पक्कं झालं आहे. टीव्हीच्या मेनूतली 'स्ट्रेंग्थ'ची पट्टी झाकून टाका. तिच्यात गोंगाटही सिग्नल म्हणूनच मोजला जातो. एसएनआर, म्हणजे सिग्नल गोंगाटाच्या किती डीबी वर आहे तो आकडा, बघा, आणि दुरुस्त न झालेल्या ब्लॉकची (चुका सुधारता न आलेल्या डेटाच्या तुकड्यांची) संख्या बघा. ती शून्यावरून हलता कामा नये. शिवाय सगळ्यात अशक्त मक्सचाच आकडा लिहा. डिजिटलमध्ये चित्र हळूहळू खराब होत नाही. एकदीड डीबीच्या अंतरात स्वच्छ चित्रापासून ठोकळ्यांपर्यंत आणि तिथून काळ्या पडद्यापर्यंत मजल जाते. काठावरचा मक्स दुपारी छान दिसला याला काही अर्थ नाही. काठापासून ४-५ डीबी आत असेल तरच मी त्याला स्थिर म्हणतो.

बूस्टरबद्दल थोडक्यात. अँटेना आणि ट्यूनरमध्ये मीटरभर केबल असेल तर बूस्टरचा फायदा एवढाच की त्याचा गोंगाट ट्यूनरपेक्षा ३-४ डीबीनं कमी असू शकतो. हवेत नसलेला सिग्नल तो तयार करत नाही. जवळ मोबाइलचा मनोरा असेल तर त्याच्या सिग्नलनं बूस्टर गुदमरतो आणि सगळेच मक्स खाली येतात. लावायचाच असेल तर आधी एलटीई फिल्टर (मोबाइलचे सिग्नल अडवणारा), मग बूस्टर, या क्रमानं.

बूस्टरपेक्षा जाळीचा उपयोग जास्त झाला. वेटोळ्याच्या मागे, खोलीच्या बाजूला, साडेअकरा सेंटिमीटर सोडून तारेची जाळी उभी केली. भोकं बोटाएवढी, लहरींना ती भरलेलीच वाटतात. पुढून दोनतीन डीबी वाढले, पण खरा लाभ वेगळा: खोलीतून कुणी चालत गेलं की चित्र फुटायचं, ते थांबलं. एलईडी दिव्यांची आणि एचडीएमआय केबलची चुळबुळही जाळीच्या पलीकडे राहिली.

चांगली जागा टीव्हीपासून घराच्या दुसऱ्या टोकाला निघाली. आरजी-६ केबलनं १५ मीटरला सुमारे अडीच डीबी जातात, वर जोड. म्हणून केबल न ओढता ट्यूनरच अँटेनापाशी नेला. रास्पबेरी पाय (छोटा संगणक) आणि त्यावर २०१८ साली आलेला टीव्ही हॅट (ट्यूनरचं जोडकार्ड). त्यात सोनीची सीएक्सडी२८८० चिप आहे, डीव्हीबी-टी आणि टी२ दोन्ही चालतात. त्यावर टीव्हीहेडएंड, म्हणजे ट्यूनरवरचे चॅनेल घरातल्या नेटवर्कवर देणारं सॉफ्टवेअर. एक ट्यूनर एक अख्खा मक्स धरतो, म्हणजे त्याच गठ्ठ्यातले दोन-तीन चॅनेल वेगवेगळ्या पडद्यांवर एकाच ट्यूनरवर चालतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. टी२ चा मक्स ४० मेगाबिटच्या घरात असतो, पण नेटवर्कवर फक्त मागितलेला चॅनेल जातो. वायफायवर मल्टिकास्टच्या (एकच प्रवाह सगळ्यांना एकदम सोडायच्या) वाटेला जाऊ नका, साध्या एचटीटीपीनं द्या. अँटेना सिग्नल असेल तिथं आणि टीव्ही बसायची सोय असेल तिथं, हे एकदा वेगळं केलं की घरातल्या अँटेनाची अर्धी अडचण सुटते.

राहिला सहावा मक्स. तो चॅनेल २२ वर, ४८२ मेगाहर्ट्‌झला आहे, बाकीचे सगळे ५६० च्या वर. त्याची तरंगलांबी ६२ सेंटिमीटर, माझं वेटोळं त्याला तोकडं, आणि बाकीच्या पाचांना मानवणारी जागा नेमकी त्याचा खड्डा. एसडीआरवर त्याचा माथा मधोमध खचलेला दिसतो. वेटोळं त्याच्या सोयीनं हलवलं की दुसरे दोन पडतात. दोन अँटेना एका स्प्लिटरनं उलट जोडून एकत्र करणं हा सुचणारा मार्ग आहे, पण दोघांचे सिग्नल वेगवेगळ्या कलेत (फेजमध्ये) येतात, कुठंतरी एकमेकांना खोडतात, आणि एकट्यानं चालणारा मक्ससुद्धा ३ डीबी गमावतो.

म्हणून दुसरा ट्यूनर. ६२ सेंटिमीटर परिघाचं दुसरं वेटोळं, भिंतीवर थोडं खाली आणि डावीकडे, त्याला स्वतःचं यूएसबी डाँगल. टीव्हीहेडएंडमध्ये दोन नेटवर्क केली, एकात पाच मक्स, दुसऱ्यात एकच, आणि प्रत्येक ट्यूनरला त्याचं नेटवर्क नेमून दिलं. बघणाऱ्याला काही कळत नाही, चॅनेलची यादी एकच दिसते. डाँगल रास्पबेरी पायला थेट न खोचता छोट्या वायरनं लांब ठेवलं आहे, पायचा गोंगाट टाळायला.

सध्या दुसऱ्या वेटोळ्यावर एसएनआर २१ येतो, दुपारी किंचित जास्त. हा मक्स १८ च्या खाली फुटतो, म्हणजे माझ्या ४-५ डीबीच्या नियमात अजून बसत नाही. मागे जाळी लावायची बाकी आहे, तिनं दोन डीबी दिले तर बसेल. दर मिनिटाचा एसएनआर आणि ब्लॉकची संख्या फाइलमध्ये उतरवणं सुरू केलं आहे. पाणी मुरलेली वीट कोरड्या विटेपेक्षा जास्त खाते, आणि माझ्याजवळचे सगळे आकडे कोरड्या भिंतीचे आहेत. एकदा जोराचा पाऊस होऊन तो आकडा किती उतरतो ते फाइलमध्ये आल्याशिवाय चिकटपट्टीच्या जागी स्क्रू मारणार नाही.