कालवडीचा रकाना

लम्पी या गुरांच्या त्वचारोगासाठीच्या सरकारी मदतीच्या तक्त्यात रकाने तीनच होते. दुधाळ जनावर दगावले तर ३०,००० रुपये, ओढकामाचे २५,००० आणि वासरू १६,०००. माझ्यासमोर गोठ्यात मरून पडलेली कालवड या तिन्हींत बसत नव्हती.

साल २०२२. राज्यात त्या वर्षी लम्पी आधी दिसला तो ऑगस्टमध्ये, आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात. पोळ्याला बैल एका जागी आणू नका, असे सांगत गावोगाव फिरलो. सप्टेंबरात जनावरांचे बाजार बंद झाले. शेळ्यांच्या देवीवरची लस गायींना टोचायची, अंगभर गाठी आलेल्यांवर उपचार करायचे आणि मध्येच ‘डॉक्टर, गेली हो’ असा फोन आला की पंचनाम्याला पळायचे, असे दिवस होते ते.

कालवड संकरित जर्सी, दोनदाती. पाय सुजलेले, मानेवर गाठी फुटलेल्या. पण कास भरू लागली होती.

“दूध देत नव्हती ना? मग वासरू लिहा साहेब,” पोलीस पाटील म्हणाले. “उद्या चौकशी लागली तर पंच म्हणून आम्हीपण अडकू.”

त्यांचेही खोटे नव्हते. सरकारी पैशाच्या कागदावर सही करताना गावातला माणूस आधी चौकशीचाच विचार करतो. मालक आप्पांना मात्र रकान्याशी देणेघेणे नव्हते. “काय लिहायचं ते लिहा, पण आधी खड्ड्याचं बघा. सकाळपासून कुत्री घिरट्या घालताहेत.” पावसाने केळीच्या बागेतला रस्ता खचलेला, जेसीबीवाला आत यायला तयार नव्हता. शेवटी शेजारच्या पोरांनी फावड्यांनी खणायला घेतले. आठ फूट खोल खणायचे, वर चुना आणि मीठ. ओल्या काळ्या मातीत हे किती जड जाते ते खणणाऱ्यालाच विचारावे. फोटोत कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसायला हवा आणि मालकही शेजारी हवा. आप्पा उभे राहिले. त्यांच्या बायकोने घराचे दार लावून घेतले.

खड्डा होईपर्यंत मी मोटारसायकलने दवाखान्यात जाऊन आलो. फेब्रुवारीत या कालवडीला मीच कृत्रिम रेतन केले होते आणि मे महिन्यात तपासून गाभण असल्याची नोंदही केली होती. रजिस्टरातला बिल्ल्याचा नंबर जुळला. त्या पानाची झेरॉक्स जोडून पंचनाम्यात लिहिले: ‘सात महिने गाभण कालवड, दुधाळ जनावरात धरावी.’ पाटलांनी दोनदा वाचले आणि सही केली.

वरून अपेक्षेप्रमाणे शेरा आला: दुधाची नोंद जोडावी. न व्यालेल्या जनावराच्या दुधाची नोंद कुठून आणणार? दोन ओळींत उत्तर दिले, की दोन महिन्यांत व्याली असती, रेतनाची नोंद सोबत आहे. फाईल काही आठवडे तिथेच पडून राहिली. मग आप्पांच्या खात्यात ३०,००० जमा झाले, आणि शेजारच्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांचे फोन सुरू झाले: तुझा तो पंचनामा व्हॉट्सअॅपवर टाक, माझ्याकडेही अशीच केस आहे.

तेवढ्या पैशात चांगली दुभती गाय येत नव्हतीच, आणि बाजारही बंद. तो उघडेपर्यंत आप्पांचे निम्मे पैसे केळीच्या खताला गेले होते.