घरी पोचेपर्यंत मासा कापायचा नाही

आई मालवणहून आली की आठव्या दिवशी तिला ताज्या माशाची आठवण येते, आणि इथे कॅनडात, ब्रॅम्प्टनमध्ये, ताजा म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून जुलैत राइस लेकच्या काठी दोन दिवस कॉटेज घेतलं आणि गरवायला गेलो. मासेमारीची लायसन्स दोन प्रकारची: नवऱ्याकडे स्पोर्ट, माझ्याकडे कॉन्झर्वेशन. मी ते स्वस्त म्हणून घेतलं होतं; त्यात ठेवायचे मासेही कमी, हे नंतर कळलं.

मासेमारीच्या नियमांच्या पुस्तकात मी आधी 'पिकरेल' हा मासा शोधत बसले, कारण तिथली माणसं तेच म्हणतात. पुस्तकात त्याचं नाव वॉलआय. नियम झोनप्रमाणे बदलतात, आणि राइस लेक झोन १७ मध्ये येतं. तिथे वॉलआय ३५ ते ५० सेंटिमीटरमधलाच ठेवायचा, स्पोर्टवर ४, कॉन्झर्वेशनवर १. पिवळा पर्च या दुसऱ्या माशाला मापाची अट नाही, फक्त संख्येची: स्पोर्टवर ५०, कॉन्झर्वेशनवर २५.

शनिवारी संध्याकाळी नवऱ्याला दोन वॉलआय लागले. एक चांगला मोठा होता. दुसरा पट्टीवर ठेवला तर ३५ ला जरासा कमी. सोडणारच होतो, तेवढ्यात शेजारच्या बोटीतल्या म्हाताऱ्याने खूण केली. तोंड मिटवायचं, शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत जवळ आणायची आणि मग मोजायचं. तसं केल्यावर मासा ३५ ओलांडून गेला. शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका असतो, तोच रेषेच्या पुढे दिसत होता.

काठावर येताच आईने सुरी मागितली. नवरा म्हणाला, "आई, हा कापायचा नाही." झालं! "असोच ठेवलस तर नासतलो," आईचं सुरू. तिच्या लेखी मासा साफ करून तुकड्या केल्याशिवाय घरात येतच नाही. पण नियम असा की आपल्या राहत्या घरी पोचेपर्यंत मासा कोणता, किती आणि, मापाची अट असेल तर, केवढा, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. म्हणजे वॉलआयचं डोकं-शेपूट जागेवर हवं. पोट साफ करून बर्फात ठेवायला हरकत नाही, लांबी बदलत नाही. लगेच शिजवून खायचा असेल तर मात्र कापता येतो. लहानाचं त्याच रात्री कालवण झालं, डोक्यासकट. खाल्ला तरी त्या दिवसाच्या चारांत तो धरायचाच.

मोठा तसाच कूलरमध्ये गेला. घरच्या फ्रीझरमध्ये नवऱ्याचे जूनमधले तीन होते, एका वेळी जवळ चारच ठेवायचे, आणि फ्रीझरमधलेही जवळचेच धरतात. म्हणजे आणखी एकच नेता येत होता. हे मला खरंच माहीत नव्हतं. मी समजत होते, रोजचं लिमिट रोज नवं.

आम्ही चुकलो ते पर्चमध्ये. माप नाही म्हटल्यावर आईला मोकळं रान मिळालं. तिने माझे चौदा पर्च खवले काढून, डोकी उडवून, प्रत्येकाचे दोन तुकडे करून एका पिशवीत भरले आणि कॉटेजच्या फ्रीझरमध्ये टाकले. कातडी आम्ही काढतच नाही, त्यामुळे मासा ओळखू यावा म्हणून कातडी ठेवा ही अट आपोआप पाळली गेली. (कातडी सोलून फिले करणारे गोरे इथे अडकतात.)

रविवारी बोट काढताना मासे तपासणारा सरकारी कॉन्झर्वेशन ऑफिसर आला. कार्ड बघितली, कूलर उघडला, वॉलआय पट्टीला लावला, ठीक. मग पिशवी. आत गोठून नुसता दगड. "किती आहेत?" चौदा, मी म्हटलं. "मला मोजता येत नाहीत." आईने केलेली कापणी त्याला समजेना, आणि खरंच, त्या गोळ्यात चौदा की चाळीस, कोण सांगणार? शेवटी पिशवी उन्हात टेबलावर ठेवली. अर्ध्या तासाने तुकडे सुटायला लागले. आईला तो काय शोधतोय ते कळलं तशी ती पुढे झाली आणि शेपट्या वेगळ्या काढून त्याच्यासमोर ओळीने मांडल्या. एक, दोन, तीन... चौदा.

त्याने दंड केला नाही. पुढच्या वेळी एकेक सपाट गोठवा, एवढं सांगून गेला. आईने गाडीत बसताना विचारलं, "आमच्या फ्रीजातले पण मोजूक येतलो काय?"

आता फ्रीझरच्या दाराला कागद आहे. वॉलआय ४, पर्च १४. काढलं की आई खोडते.