गादी फोडण्याआधी पाना हातात घ्या

मोटरसायकल चालवताना दीड-दोन तासांत बूड बधिर व्हायला लागलं की बहुतेक जण थेट सीटवाल्याकडे जातात आणि "जरा मऊ करून द्या" म्हणतात. तो वर इंचभर मऊ स्पंज चिकटवतो. दुकानासमोर बसून पाहिलं की बरंही वाटतं. गोची होते ती तासाभराने. मऊ स्पंज वजनाखाली पूर्ण दबतो, बसायची दोन हाडं कडक थरावर टेकतात आणि फुगलेल्या कडा मांड्यांना आतून रुततात. जेल पॅडही पातळ असेल तर तेच. शिवाय गाडी उन्हात उभी राहिली की तो तापतो आणि लवकर निवत नाही.

दुखतंय कुठे, ते आधी बघा. सारखं टाकीकडे घसरायला होत असेल आणि तळहातांना मुंग्या येत असतील, तर दोष बऱ्याचदा गादीच्या उताराचा असतो. अनेकदा तो उतार मागच्या शॉकअपमुळे वाढलेला असतो: डबलसीटसाठी प्रीलोड (शॉकअपच्या स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब) चढवला आणि एकट्याने चालवताना उतरवायचा राहिला. मागची बाजू उचलली जाते, गादी पुढे कलते. सी-स्पॅनरने (शॉकअपची रिंग फिरवायचा आकड्यासारखा पाना) एक-दोन खाचा खाली घ्या. दोन शॉकअप असतील तर दोन्हीकडे खाच एकच हवी.

खांदे आणि मान भरून येत असतील तर हँडल दूर आहे. हँडल धरणाऱ्या क्लॅम्पचे चारही बोल्ट सैल करून ते थोडंसं स्वतःकडे फिरवा. सेंटीमीटरभर फरकही कळतो. मग क्लच-ब्रेकचे लिव्हर असे वळवा की हाताची बोटं आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत येईल. बोल्ट आवळताना क्लॅम्पच्या पुढच्या-मागच्या फटी कशा ठेवायच्या ते मॅन्युअलमध्ये बघा, मॉडेलप्रमाणे ते बदलतं. गाडी न्यूट्रलला चालू ठेवून हँडल दोन्हीकडे टोकापर्यंत वळवा. आरपीएम वाढला तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. तशी गाडी रस्त्यावर काढू नका. रायझर (हँडल उंच करणारे ठोकळे) लावल्यावर हीच चाचणी ब्रेकच्या होजसाठीही (ऑइलची नळी) करायची, तीही ताणली जाता कामा नये. क्लिप-ऑन हँडलवाल्यांना (दोन सुटे दांडे थेट पुढच्या फोर्कला आवळलेले) मात्र इथे फारसा वाव नाही.

मागच्या ब्रेकचं पेडल खाली-वर केलंत तर फ्री प्ले, म्हणजे ब्रेक लागेपर्यंत पेडल मोकळं दबतं ते अंतर, पुन्हा तपासा. ड्रम ब्रेकला तो साधारण 20 ते 30 मिमी असतो. ब्रेक लाइटचा स्विचही सोबत सेट करावा लागतो, आणि नेमका तोच विसरला जातो.

एवढं करूनही दुखत असेल, तर आता गादी. जाड पुठ्ठा कडक स्टुलावर ठेवून त्यावर थोडं पुढे वाकून बसा. दोन खळगे उमटतील. त्यांच्या मध्यांतलं अंतर बहुतेकांचं 10 ते 14 सेंमी भरतं. गादीचा सपाट भाग या खळग्यांच्या बाहेर दोन्हीकडे दोन-दोन बोटं उरेल एवढा रुंद हवा. पुढचा भाग मात्र निमुळताच ठेवा, नाहीतर पाय जमिनीला पुरणार नाहीत.

मूळ फोम फेकू नका. हॅकसॉच्या ब्लेडने उतार कापून सपाट करा, खोलगट जागी रीबॉन्डेड फोमचा (फोमचे बारीक तुकडे दाबून केलेला कडक फोम) तुकडा चिकटवा, 60 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि वर 10-12 मिमी मऊ थर द्या. कडक खाली, मऊ वर. उलट केलं तर पैसे वाया. रेक्झीनची शिवण बसायच्या हाडांखाली येऊ देऊ नका, आणि त्याखाली पातळ प्लास्टिक घाला, कारण पावसात भिजलेला फोम दिवसेंदिवस सुकत नाही. स्टेपल पिना स्टेनलेस स्टीलच्या घ्या. आधी पुढचा मध्य, मग मागचा, शेवटी बाजू. रेक्झीन उन्हात तापवून ओढलं तर सुरकुत्या पडत नाहीत.

हे सगळं शिवण्याआधी कव्हर चार-सहा पिनांवर तात्पुरतं अडकवून शंभरेक किलोमीटर चालवून बघा. कुठे अजून तासायचंय ते तेव्हाच कळतं, आणि तेव्हा ते सोपंही असतं.