आकडे दिसले पाहिजेत : आमची वाटचाल

दुकानात येणारा माणूस आधी डाव्या हाताच्या पत्र्याच्या कपाटाकडे बघतो आणि विचारतो, मोबाइल दुरुस्तीचं पण करता का? करत नाही. आम्ही वेबसाइट बनवतो. खालच्या कप्प्यात विंडोज एक्सपीचा जुना डबा आहे, त्यात इंटरनेट एक्सप्लोरर ६ हा जुना ब्राउझर अजून धुगधुगी धरून आहे. वरच्या कप्प्यात बटणांचा नोकिया, त्यात ऑपेरा मिनी. काच तडकलेला अँड्रॉइड २.३ चा फोन. जिओफोन. एक सेकंडहँड आयफोन, कारण विंडोजसाठी सफारी, म्हणजे ॲपलचा ब्राउझर, २०१२ नंतर आलीच नाही, आणि आपल्याकडच्या आयफोनवर क्रोमचं चिन्ह दाबलं तरी आत पान दाखवणारं इंजिन सफारीचंच चालतं. शिवाय लिनक्सचा लॅपटॉप, डिलो, नेटसर्फ आणि लिंक्स हे ब्राउझर उघडायला. एखाद्याची वैयक्तिक साइट तयार झाली की ती या कपाटातून फिरल्याशिवाय आम्ही तिचं बिल करत नाही. सतरा वर्षं झाली, हा नियम एकदाच मोडला. त्याचं पुढे सांगतो.

२००८ साली लातुरात औसा रोडला एका माडीवरच्या खोलीत मी आणि दाजींनी सुरुवात केली. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं आधी नेट कॅफे होतं, त्यामुळे कुठल्या मशीनवर काय फुटतं हे त्यांना तोंडपाठ. तेव्हा मराठी साइट म्हटलं की डायनॅमिक फॉन्ट, म्हणजे पानाबरोबरच उतरणारा, स्वतःच्या वेगळ्या अक्षरसंकेताचा फॉन्ट. एक्सप्लोररमध्ये मराठी दिसायचं, तेच पान फायरफॉक्समध्ये उघडलं की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. आम्ही पहिल्या दिवसापासून युनिकोड, म्हणजे सगळीकडे एकच चालणारा अक्षरसंकेत, धरलं. लोक म्हणायचे, युनिकोडची अक्षरं ठोकळ्यासारखी दिसतात. दिसू देत. वाचता तर येतात!

एक्सप्लोरर ६ नं मात्र रक्त आटवलं. पानावरच्या डावीकडे फ्लोट केलेल्या, म्हणजे कडेला सरकवलेल्या, चौकोनी डब्याला त्याच बाजूनं दहा पिक्सेलचा मार्जिन, म्हणजे बाहेरची मोकळी जागा, द्यावा, तर तो वीस घेणार आणि शेजारचा डबा खाली ढकलून देणार. उपाय काय, तर त्या डब्याला डिस्प्ले इनलाइन म्हणायचं. त्याला तसा काही अर्थ नाही, पण मार्जिन जागेवर येतो. दाजींनी हे मार्करनं भिंतीवर लिहून ठेवलं होतं. खोली सोडताना घरमालकानं रंगाचे पैसे कापले.

औशाचे गुरुजी आमच्याकडे २००९ ला आले. निवृत्त शिक्षक. हातात पिशवी, पिशवीत चार रजिस्टरं. घराच्या अंगणात पर्जन्यमापक बसवून रोज सकाळी साडेआठला घेतलेल्या पावसाच्या नोंदी, मिलिमीटरमध्ये, एक दिवस न चुकता. शिवाय आईकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या. या सगळ्याची त्यांना स्वतःच्या नावाची साइट पाहिजे होती. मी नमुने दाखवायला लागलो तर म्हणाले, "नक्षी नको. बसस्टँडवर उभ्या माणसाच्या हातात जे काय डबडं असंल, त्यात आकडे दिसले पाहिजेत. एवढं जमतंय का ते सांग."

जमलं. साधा तक्ता, महिन्याचा एक, वर खरे शीर्षकाचे रकाने. अँड्रॉइड २.३ वर देवनागरीचे नुसते चौकोन यायचे, तर ऑपेरा मिनीत पत्त्याच्या जागी ऑपेरा:कॉन्फिग टाकून अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट चालू करायचे, म्हणजे अक्षरं चित्र होऊन यायची. डेटा जास्त जायचा, पण मराठी दिसायचं. त्याच्या चिठ्ठ्या छापून आम्ही औशात वाटल्या. गुरुजींचे एक अंध मित्र पेटी वाजवतात. ते संगणकावर एनव्हीडीए हे वाचक सॉफ्टवेअर लावून तोच तक्ता रकान्यागणिक ऐकतात. त्यासाठी आम्ही वेगळं काही केलेलं नाही. तक्ता तक्त्यासारखा लिहिला, एवढंच.

मधली वर्षं चांगली गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, त्या आठवड्यात मात्र गुरुजींच्या साइटवर उड्या पडल्या. मागचे उन्हाळे कसे होते, पाऊस किती कमी पडला, हे लोकांना बघायचं होतं. कुठून कुठून कसल्या कसल्या फोनवरनं लोक आले, पण एकाचाही फोन नाही आला की दिसना गेलंय.

आणि मग बार्शी रोडला एकानं दुकान टाकलं. नाव घेत नाही. तयार साच्यात नाव-फोटो बदलून तीन दिवसांत साइट. पान उघडलं की पाकळ्या उडणार, आकडे शून्यापासून भराभर वर चढणार. आमच्या गिऱ्हाइकांना गाठून म्हणायचा, "त्यांच्या साइट नोकियाच्या काळातल्या आहेत, सर." सहा महिन्यांत नऊ जण तिकडं गेले. त्याच्या साइटवर ब्राउझरचं नाव तपासून वर पट्टी यायची : कृपया क्रोममध्ये उघडा. अरे, ब्राउझरच्या नावावर कुणी विश्वास ठेवतं का? क्रोम स्वतःची ओळख सांगताना मोझिला म्हणतो, सफारी म्हणतो आणि वर गेकोसारखा, म्हणजे फायरफॉक्सच्या इंजिनासारखा, म्हणतो. सगळेच एकमेकांच्या नावावर आत शिरतात. नाव विचारू नका, काम येतं का ते विचारा.

पण तेव्हा मी घाबरलो, हे खरं आहे. २०१८ च्या दिवाळीआधी मी हट्टानं आमच्या एकतीस साइट नव्या पद्धतीनं फिरवल्या. सगळी मांडणी ग्रिडवर, म्हणजे पान आडव्या-उभ्या रकान्यांत मांडायच्या नव्या सोयीवर, आणि मजकूर जावास्क्रिप्टनं, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडनं, मागून आणायचा. गुरुजींचा तक्ता काढला आणि हलणारा आलेख बसवला. दाजी म्हणाले, "कपाटातून फिरवलं का?" मी म्हणालो, कपाटातले फोन आता वापरतं कोण?

वापरत होते. जिओफोन २०१७ ला आला होता, दीड हजाराच्या अनामतीवर, आणि गावोगाव तोच झाला होता. पडदा २४० बाय ३२०. आतलं इंजिन फायरफॉक्स ४८ च्या वयाचं, आणि ग्रिड फायरफॉक्समध्ये आलं ५२ ला. सगळे डबे एकाखाली एक, मेन्यूच दीड पडदा. ऑपेरा मिनी तर पान आपल्या सर्व्हरवर उघडून, वाळवून पाठवतो. तिथं जावास्क्रिप्टला घडीभरच मुभा, त्यात आलेख काही उमटला नाही. पांढरं पान. गुरुजींचा फोन आला. रागावले नाहीत, हेच जास्त लागलं. "अरं बाबा, माझा पाऊस दिसना गेलाय."

त्या दोन महिन्यांत अकरा जणांनी नूतनीकरणाचे पैसे दिले नाहीत. लॅपटॉपांचे हप्ते थकले. ज्या पोराला आम्ही टॅग उघडायचा-बंद करायचा इथपासून शिकवलं, तो बार्शी रोडला गेला, आणि जाताना आमची गिऱ्हाइकांची यादी घेऊन गेला. हे मी अजून विसरलेलो नाही, त्यानं वाचलं तर वाचू दे. दुकान बंद करायचं ठरलंच होतं. दाजींनी त्या हंगामातल्या सोयाबीनच्या पट्टीचे पैसे आणून टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "आधी गुरुजींचा तक्ता लाव."

लावला. तक्ता पानातच, खराखुरा. ब्राउझरला जमत असेल तरच त्याच्यावर आलेख चढतो, नाहीतर तक्ता आहे तिथं आहे. मांडणी आधी फ्लोटवर आणि नंतर सपोर्ट्सच्या अटीत, म्हणजे ब्राउझरला येत असेल तरच लागू होणारं, ग्रिड. ग्रिड लागू झालं की आतल्या डब्यांचा फ्लोट आपोआप गळतो, त्यामुळे दोन्ही एकाच फाइलीत सुखानं नांदतात. जिओफोन अट वाचतो, ग्रिड येत नाही म्हणतो आणि फ्लोटवर राहतो. एक्सप्लोररला अटच कळत नाही, तोही फ्लोटवर. गंमत म्हणजे एक्सपीवर चालणारा शेवटचा फायरफॉक्स ५२ हाच आहे, म्हणजे गुरुजींच्या एक्सपीवाल्या खटाऱ्यावर ग्रिड झकास दिसतं! एकतीस साइट परत फिरवायला चार महिने लागले. कुणाकडून पैसे घेतले नाहीत. अकरापैकी सात परत आले.

सगळंच आपल्या हातात नसतं, हेही सांगून ठेवतो. आमच्या लॅपटॉपवर डिलोमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते. ते ब्राउझरनं अक्षरं जुळवायचं काम आहे, तिथं आपण काय करणार. पण जे हातात आहे तेही लोक करत नाहीत. पोरांनो, पानाच्या वरच्या टॅगमध्ये भाषा एमआर, म्हणजे मराठी, लिहीत जा. फॉन्टमध्ये सोय असेल तर मराठी वळणाचे ल आणि श त्यानं येतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात आणि तुम्हाला फरकही कळत नाही. देवनागरीला लेटर-स्पेसिंग देऊ नका, शिरोरेषेचे तुकडे पडतात, जसं काही वाक्याला उंदीर लागलेत. ओळीची उंची इंग्रजीच्या मापानं ठेवू नका, उकार कापले जातात. आणि ज्याच्याकडं जुनं मशीन आहे त्याची साधी साइट सक्तीनं एचटीटीपीएसवर ढकलण्याआधी विचार करा. एक्सपीतल्या एक्सप्लोररला आजची सुरक्षित जोडणी जमतच नाही, तो माणूस दारातच अडतो.

एक्सप्लोरर २०२२ च्या जूनमध्ये अधिकृतपणे संपला तेव्हा बार्शी रोडवाल्यानं आमच्या दारात पेढे पाठवले. खवचटपणा! परवा त्याचंच एका कॉलेजात व्याख्यान झालं, विषय "प्रत्येक हातातलं वेब". आमच्या पावतीवर २००९ पासून छापलेली ओळ आहे ती. पावत्या जपून ठेवल्यात.

गुरुजींच्या नोंदी चालू आहेत. हात थरथरतो म्हणून आता सून आकडा पाठवते, साडेआठ म्हणजे साडेआठ. नवीन तक्ता चढवला की आम्ही तो जिओफोनवर बघतो, पण गेल्या आठवड्यापासून त्याची बॅटरी फुगलीय, मागचं झाकण बसत नाही. गंजगोलाईतली तीन दुकानं पालथी घातली, मिळाली नाही. कुणाच्या घरी जुना जिओफोन पडून असेल तर दुकानावर आणून द्या. रोख पैसे देऊ, चहा वेगळा.