आमचं ग्रीनहाऊस आणि आईच्या कुरडया

तळेगावात पावसाळ्यात कोथिंबीर लावून बघा म्हणजे कळेल मी काय म्हणतोय. धणे रगडून पेरले की आठ-दहा दिवसात कोंब येतात, आणि मग तीन दिवस जो पाऊस झोडपतो त्यात सगळी आडवी होऊन चिखलात कुजतात. दोन वर्षं हाच प्रकार, म्हणून मागच्या एप्रिलमध्ये ठरवलं की परसात स्वतःच्या हाताने ग्रीनहाऊस बांधायचं.

चाकणचे कारखाने जवळ असल्यामुळे आमच्याकडे भंगारात पॅकिंगच्या पेट्यांचं लाकूड भरपूर मिळतं. त्याच्या पट्ट्या आणल्या, चार निलगिरीचे वासे आणले, गॅरेजमधून डबाभर जळकं ऑइल आणून वाशांच्या बुडाला फासलं, नाहीतर वाळवीला मेजवानीच. घराच्या मागच्या भिंतीला टेकवून आठ बाय सहाचं एकपाखी छप्पर. प्लास्टिक मात्र साधं मेणकापड घेऊ नका, एका उन्हाळ्यात पापडासारखं तडकतं, पॉलिहाऊसवाले वापरतात तो 200 मायक्रॉनचा यूव्हीवाला कागद घ्या. तो मीटरवर नाही, किलोवर मिळतो. मी साडेतीन किलो घेतला, बटाटे घेतल्यासारखा! आणि नुसते खिळे ठोकले तर वाऱ्याने खिळ्यापाशीच फाटतो, म्हणून वरून लाकडी पट्टी आणि मग खिळा. शेजारच्या काकांनी कुंपणावरून विचारलं, "कोंबड्या पाळताय का?" आईने हिशोब विचारला आणि म्हणाली, "एवढ्या पैशात जन्मभर कोथिंबीर आली असती."

आता खरी गंमत. मी ज्या व्हिडिओवरून बांधलं त्यात मागे बर्फ पडत होता, आणि हे माझ्या लक्षातच आलं नाही. त्यांना आत ऊब हवी असते, ऊन आत येतं आणि तापलेली हवा बाहेर जाऊ शकत नाही, एवढंच ते तंत्र. आपल्याकडे मे महिन्यात ऊब कुणाला पाहिजे? दुपारी बाहेर 38 होतं आणि आत थर्मामीटर 47 दाखवत होता, ट्रेमधली मिरची-टोमॅटोची रोपं चक्क शिजली. मी कपाळाला हात लावून बसलो, तर दुसऱ्या दिवशी बघतो तो आत जुनी साडी अंथरून आईने कुरडया घातलेल्या. धूळ नाही, कावळे नाहीत, दोन दिवसात खडखडीत. "चांगलं बांधलंयस की," म्हणाली. वर्षभरात मिळालेलं तेवढंच कौतुक.

मग मी एकेक भिंत सोडत गेलो. आधी समोरची, मग बाजूच्या गुंडाळून वर सुतळीने बांधल्या. जूनमध्ये नवीन धडा मिळाला. छपराला उतार दिला होता फक्त तीन इंच, आणि मावळातल्या पावसाला तीन इंच म्हणजे काहीच नाही. पाणी साचून कागदाला म्हशीच्या पोटासारखा फुगा आला, मी खालून झाडूच्या दांड्याने ढकलायला गेलो आणि ते सगळं पाणी कडेवरून माझ्या डोक्यावर. त्याच संध्याकाळी मागची बाजू दीड फूट उचलली आणि कागदाखाली नायलॉनची दोरी ताणून बसवली.

एवढं करून उरलं काय, तर चार खांब आणि वर एक प्लास्टिक. ग्रीनहाऊस कसलं, कोथिंबिरीची छत्री. पण तिच्याखाली जुलैमध्ये कोथिंबीर ताठ उभी होती हो, आणि पाऊस बाजूला धो धो. थंडीत मात्र रात्री भिंती खाली सोडल्या की मिरचीचं बी लवकर उगवतं, तेवढ्यापुरता तो व्हिडिओवाला बरोबर होता.

परवा आईने आत जाऊन वाफ्याची लांबी वितीने मोजली. यंदा एप्रिलमध्ये तिकडे काही पेरू नकोस म्हणाली, मावशीच्या पण कुरडया यायच्यात.